नव्या कॅमची पूजा

"दोघींनी बगा आणि येगयेगळं येऊन सांगा," आप्पा म्हणाले आणि टेबलावरचं फडकं त्यांनी बाजूला केलं.

फडक्याखाली दोन कॅमशाफ्ट होते. नवेकोरे, अमेरिकेहून आलेले, अंगाला अजून खोक्यातलं तेल लागलेलं. दोघी म्हणजे एक मी, आप्पांची थोरली मुलगी वत्सला, आणि दुसरी केतकी, माझ्या धाकट्या भावाची बायको. पुण्याची, मोटारींच्या इंजिनियरिंगची पदवी घेतलेली. आमच्या घरात येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. भाऊ माझा, दिगू, सांगलीला बँकेत. त्याला काळ्या तेलाचा वास लहानपणापासून सोसत नाही. त्यानं केलेली बायको मात्र आल्या महिन्यातच ओढणी कमरेला बांधून सासऱ्याच्या कारखान्यात उभी राहिली. लोकांना त्याचं फार कौतुक. मी पंधरा वर्षांची असल्यापासून तिथं उभी होते, पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातली गत.

कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक लांब दांडा. त्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटे टॅपेटना वर ढकलतात आणि टॅपेट व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा किती उंच आणि किती रुंद, यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॅम घासायचा तर आप्पा मेस्त्रींकडेच, असं तेव्हा होतं. त्यांच्या ग्राइंडिंग मशीनला दुसरं कुणी हात लावत नसे. मीसुद्धा नाही. घासून झालेला कॅम ते खिडकीच्या उजेडाला धरत, एकदा फिरवून बघत, "हं" म्हणत आणि फडक्यात गुंडाळून ठेवत.

माझं काम टॅपेटचं. मध्ये लग्न होऊन गेले, सासरी माझं पटलं नाही, मी परत आले, तेव्हापासून आप्पांच्या हाताखाली टॅपेट सेट करत आले. चालू इंजिनावर कान देऊन कुठला टॅपेट ढिला, कुठला आवळलेला, हे मी सांगायची. बाहेरगावचे मेस्त्री गाडी घेऊन यायचे आणि म्हणायचे, ताईंना जरा ऐकू दे. त्या वाक्यावर माझे आठ-आठ दिवस बरे जात.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की आप्पा आपलं एखादं अवजार घरातल्या किंवा कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातावर ठेवत. ते मग कायमचं त्याचं. त्या वर्षी गणपतीतच त्यांनी सांगून टाकलं होतं की हात कापतोय, यंदा मशीनच देणार. कुणाला देणार हे सांगितलं नव्हतं. वर्षापूर्वी हा प्रश्न कुणाला पडलाही नसता. आता सगळ्यांना पडला होता, आणि मला तर रोज सकाळी दात घासताना पडत होता.

आणि तेवढ्यात हे दोन कॅम आले.

गाडी होती धैर्यशील इंगवल्यांची. वडिलांच्या वेळची लांबलचक अमेरिकन मोटार, चार-चारच्या दोन ओळींत आठ सिलिंडरची. इंगवल्यांना ती रोज गावाकडे न्यायला हवी होती आणि दिवाळीनंतर हौशी लोकांची आंबोली घाट चढायची जी शर्यत असते त्यात पहिली आणायलाही हवी होती. शिवाय त्यांचं म्हणणं, गाडी नुसती उभी असली तरी शेजारच्याच्या छातीत धडधडलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या भाच्याकडून एक दांडगा कॅम मागवला होता, रुंद उंचवट्यांचा. भाचा शहाणा, त्यानं एक मवाळही पाठवून दिला होता.

मी दोन्ही कॅम बोटांनी चाचपले. दांडग्या कॅमचं इंजिन वरच्या वेगात उधळतं, पण खाली त्याला जीव नसतो. महाद्वार रोडच्या गर्दीत ते चौकाचौकात बंद पडलं असतं आणि घाटाच्या वळणावर वेग पडला की धापा टाकत बसलं असतं. मी आप्पांना जाऊन सांगितलं, मवाळ घाला. रस्त्यावरच्या गाडीला मनात असतो त्यापेक्षा एक पायरी लहान कॅम घालावा.

"हं," आप्पा म्हणाले.

मग केतकी गेली. मी दाराआड उभी राहिले, लाज कशाला वाटून घेऊ. ती कागदावर काहीतरी वक्ररेषा काढून आली होती. गिअर, चाकांचा व्यास, घाटाचा चढ असं बरंच काही सांगून तीही तेच म्हणाली, मवाळ.

"शाबास," आप्पा म्हणाले. वर तिच्या पाठीवर थाप दिली.

मला 'हं' आणि तिला 'शाबास'. उत्तर एकच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना चहा मी केला आणि तिच्या कपात साखर बरोबर घातली, यापलीकडे माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा कुणी करू नये.

कॅमवर आमचं एकमत झालं तरी टॅपेटवर झालं नाही. टॅपेट दोन तऱ्हेचे असतात. एक भरीव. त्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या मधली फट पातळ पात्यानं मोजून हातानं सेट करावी लागते, आणि काही दिवसांनी पुन्हा करावी लागते. दुसरे हायड्रॉलिक, म्हणजे पोटात तेल भरून आपली फट आपणच सांभाळणारे. मी म्हटलं भरीवच घाला, शर्यतीला तेच चांगले, आप्पांनी जन्मभर तेच घातले. केतकी म्हणाली, इंगवले गाडी रोज चालवणार, दर महिन्याला टॅपेट सेट करायला कोण येणार?

"ते येतील की इथं," मी म्हटलं. "मी हाय की."

"वन्सं, पण कशाला यायला लावायचं?" ती म्हणाली. अगदी सरळ म्हणाली. तिच्या बोलण्यात कुठं टोचणी नव्हती आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. हायड्रॉलिक टॅपेट म्हणजे सेटिंग नाही. सेटिंग नाही म्हणजे 'ताईंना जरा ऐकू दे' नाही. आज इंगवल्यांची गाडी, उद्या सगळ्याच. मशीन राहू दे बाजूला, माझा कानसुद्धा ही बाई घेणार होती.

आप्पांनी दोघींचं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, बाळाचं बरोबर आहे, हायड्रॉलिक घाला. तिला ते बाळ म्हणत. मी बेचाळिशीची, मला वच्छी.

इंजिन उघडायच्या दिवशी मी सवयीनं जुने टॅपेट काढून अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं लावत होते. ही आप्पांचीच पद्धत. टॅपेट ज्या उंचवट्यावर चालून झिजलेला असतो त्यालाच परत बसवायचा, अदलाबदल झाली तर दोघंही वाया जातात. केतकीनं काहीतरी घ्यायला आडवा हात घातला आणि ट्रे उलटला. मी तिच्यावर असा आवाज चढवला की शेजारच्या फौंड्रीतले लोक बाहेर आले. ती बिचारी खाली वाकून टॅपेट गोळा करत म्हणाली, "वन्सं, पण कॅम नवा घालतोय म्हटल्यावर टॅपेटपण नवेच लागणार ना. जुने आता भंगारातच."

आप्पा हसले. मी ट्रे उचलला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला. भंगार म्हणून तिनं टॅपेटच दाखवले होते, हे मला कळत होतं. तरी आठवडाभर तो शब्द माझ्या ताटात वाढलेला असायचा.

नवा कॅम बसवताना मात्र ती चुकली नाही. प्रत्येक उंचवट्याला आणि प्रत्येक टॅपेटच्या तळाला तिनं काळं वंगण चोपडलं. मग आप्पांना बसवून समजावलं. नव्या कॅमला तेल वरून मिळत नाही. खालचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जोरात फिरला तरच त्याचे शिंतोडे उडून कॅमवर येतात. म्हणून इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की लगेच रेस वाढवायची आणि वीसेक मिनिटं चढीच ठेवायची. तेवढ्यात कॅम आणि टॅपेट एकमेकांना ओळखतात. संथ चालू ठेवलं तर कोरडे घासतील, आणि उंचवटा एकदा गेला की गेला. मला हे माहीत होतं. आप्पांनाही ऐकून माहीत होतं. पण त्यांचं आयुष्य डिझेलच्या इंजिनांत गेलेलं, तिथं असले लाड नसतात. ते बरं बरं म्हणाले.

इंगवल्यांनी हट्ट धरला की गाडी खंडेनवमीलाच सुरू व्हायची, पूजेत. त्यांच्या आईसाहेब स्वतः ओवाळणार होत्या.

त्या सकाळी कारखाना धुऊनपुसून काढला होता. मशीनला झेंडूची माळ, व्हाइसला माळ, पान्यांच्या फळीला माळ. मधोमध बॉनेट उघडी टाकलेली ती लांब गाडी. गल्लीतले निम्मे मेस्त्री आलेले. सगळ्यांचा एक डोळा गाडीकडे आणि एक मशीनकडे, कारण आप्पांचं बोलणं सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. केतकीनं कपाळाला मोठं कुंकू लावलं होतं. मला वाटलं, हिला आधीच कळलंय की काय.

इंगवल्यांनी किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्याला इंजिन सुरू झालं. आप्पा बॉनेटपाशी उभे होते, त्यांनी कार्बुरेटरची दांडी ओढून रेस वाढवली. पत्र्याचं छत थरथरलं. लोकांनी कानावर हात ठेवले आणि तोंडं हसरी केली.

तेवढ्यात आईसाहेब निरांजनाचं ताट घेऊन पुढं आल्या. वय ऐंशीच्या घरात. त्या आवाजानं त्या दचकल्या, ताट कलंडलं, निरांजन विझता विझता राहिलं. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. असल्या घरातली म्हातारी माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात.

आप्पांनी दांडी सोडली. इंजिन एकदम खाली आलं आणि संथ गुरगुरू लागलं. "व्हय, घ्या ओवाळून," ते म्हणाले. भटजींनी मंत्र सुरू केले. सगळ्यांनी हात जोडले. आम्ही जन्मभर इंजिनं अशीच पुजत आलो होतो. इंजिन देवासारखं संथ चालू ठेवायचं, पुढं हात जोडायचे आणि नारळ फोडायचा. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

केतकीनं पुढं होऊन दांडीला हात घातला.

"हात काढ," आप्पा म्हणाले. हळूच म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं.

"आप्पा, कॅम जाईल."

"दोन मिनिटानं काय हुत न्हाई. पूजा चाललीया."

तिनं हात काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले. वर्षभरात आप्पा तिला पहिल्यांदाच बोलले होते, तेही खंडेनवमीला, गल्लीसमोर, ऐन मशीन द्यायच्या दिवशी. तिनं माझ्याकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही सांगा ना," ती म्हणाली.

मी काही बोलणार तोच मला ते ऐकू आलं. गुरगुरीच्या खालून, डाव्या ओळीच्या मागच्या बाजूनं, एक बारीक टकटक. टॅपेटची. कोरडी. शंभर आवाजांतून मी ती ओळखली असती. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांची मान किंचित डावीकडे कलली होती. हात जोडलेले, नजर निरांजनावर, आणि मान डावीकडे.

मी तशीच उभी राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. भटजींचं एखादं वाक्य झालं असेल.

मग केतकीनं दुसऱ्यांदा हात घातला. कुणाला विचारलं नाही, आप्पांकडे बघितलंही नाही. दांडी ओढायला लागली तसा आप्पांचा हात तिच्या मनगटावर पडला आणि त्याच वेळी माझा हात तिच्या हातावर. मी दांडी ओढली. तिच्या बोटांसकट ओढली. इंजिन गर्जलं. इंजिनाच्या पंख्याच्या वाऱ्यानं निरांजन विझलं, झेंडूच्या पाकळ्या उडून आईसाहेबांच्या शालूवर जाऊन पडल्या आणि भटजी दोन पावलं मागं सरकले.

"आप्पा, टकटक येतीया," मी ओरडले. "डाव्या अंगाला."

आप्पांनी हात सोडला. ते मागं गेले आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले. टकटक थांबली. आम्ही दोघी ती दांडी धरून उभ्या होतो, तिचा हात खाली, माझा वर. तिचा हात घामेजला होता. आईसाहेबांना कुणीतरी खुर्ची दिली. पूजा मोडली म्हणून लोक कुजबुजत होते, आणि मला माझ्या खालच्या त्या हाताचा इतका राग येत होता की तो सोडवतही नव्हता.

इंजिन थंड झाल्यावर आम्ही झाकणं काढून प्रत्येक टॅपेटची उचल मापून पाहिली. सगळ्या सारख्या होत्या. कॅम वाचला होता. इंगवले गाडी घेऊन रंकाळ्याला चक्कर मारून आले आणि लहान पोरासारखे हसत उतरले. आईसाहेबांनी पुन्हा ओवाळलं, बंद गाडीला.

दुपारी पाहुणे पांगले. आप्पांनी दोघींना मशीनपाशी बोलावलं. ताटात कुंकू होतं आणि मशीनच्या स्विचच्या पेटीची किल्ली. सकाळी तिचा पाणउतारा झाला होता. टकटक मी ऐकली होती. दांडी ओढणारा हात माझा होता.

आप्पांनी किल्ली केतकीच्या हातावर ठेवली.

ती आधी त्यांच्या पाया पडली आणि मग माझ्या. मी पाय मागं घेतले. तिला ते कळलं. ती किल्ली मुठीत धरून घरात गेली.

"माझं काय चुकलं?" मी आप्पांना विचारलं.

"तुझं कान चांगलं हाईत," ते म्हणाले. "तिला टकटक ऐकू आली न्हवती. तिनं नुसतं शिकलेलं ध्यानात ठिवलं. तुला ऐकू आली. तरी तुझा हात तिच्या मागनं आला."

माझा बांध फुटला. "आणि तुमचा? तुमची मान कलली हुती, आप्पा. मी बघिटली. तुम्हालाबी ऐकू आलंतं. मग तुम्ही का न्हाई रेस वाढवली?"

आप्पांनी अंगठ्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याला पुसलं.

"चारचौघांत सोडलेली दांडी परत कशी धरायची," ते म्हणाले. "म्हणून तर तिला दिलं. मशीनवर आपल्यासारखं माणूस एक झालं, तेवढं बास झालं."

दिवाळीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. ते माझ्याशी बोलले नाहीत. आपल्यासारखं म्हणाले ते काही उगाच नाही.

इंगवल्यांची गाडी आंबोलीत दुसरी आली. पहिल्या आलेल्या गाडीचं इंजिन उतरताना बंद पडलं, म्हणून इंगवले आपणच पहिले असं आजही सांगतात. पुढं आप्पा गेले. उद्यमनगरात कॅम घासायचा तर केतकीकडे, असं आता आहे. हायड्रॉलिक टॅपेट सगळीकडे झाले, पण पहिल्यांदा इंजिन सुरू करताना ती मला हाक मारते. "वन्सं, जरा ऐका." मी ऐकते. दांडीवर हात तिचा असतो.

आप्पांच्या 'शाबास'चा विचार मी फार उशिरा केला. ते गिऱ्हाइकाला शाबास म्हणत, फौंड्रीवाल्याला म्हणत, दिगूला बँकेत नोकरी लागली तेव्हा म्हणाले. जे त्यांना करता येत नसे ते दुसऱ्यानं केलं की शाबास. स्वतः घासलेला कॅम उजेडाला धरला की नुसतं हं. आणि मला जन्मभर हं. त्यांच्या हातून झालेलं काम आणि माझ्या हातून झालेलं, त्यांच्या लेखी एकच होतं. ते गेल्यावर दोन वर्षांनी, कपाट आवरताना, एका फडक्यात गुंडाळलेला जुना कॅम हातात आला तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. मी तिथंच खाली बसले.

परवा केतकीनं एक कॅम घासला. खिडकीशी नेऊन मला दिला. मी फिरवून पाहिला. कुठं एक रेघ नाही, सगळे उंचवटे आरशासारखे. आप्पांचा हात होता तो. तीही आता पन्नाशीला आली आहे, चष्मा कपाळावर सरकवून ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय, वन्सं?"

'हं' माझ्या ओठावर आला होता. तो मी गिळला.

"शाबास," मी म्हटलं, आणि वर तिच्या पाठीवर थाप दिली.

ती इतकी खूश झाली की मला क्षणभर वाईट वाटलं. पण मशीन तिला मिळालं. 'हं' माझं आहे.